इंजिनाचा तांबुआ

सुवा, ४ मार्च

केलेपी,

तुझं खोकं मिळालं. डालोचे कंद चांगले पोसलेले होते. आईनं उकडले, शेजारी वाटले, मी तोंड लावलं नाही. कंदांच्या खाली कंबरेला गुंडाळायच्या जुन्या सुलूत बांधलेली तुझी चिठ्ठीही मिळाली. एवढ्या दिवसांनी तोंड उघडलंस ते कशासाठी, तर 'एमोरी, माझ्या गोळ्या दवाखान्यातून घे, बिस्किटांच्या डब्यात घालून बोटीनं पाठव, कुणाला कळू देऊ नकोस.' खाली सही, 'तुझा भाऊ'. वा रे भाऊ!

पाठवणार नाही. झालं उत्तर. कागद बराच उरलाय म्हणून पुढं लिहितो.

तुमच्या बेटावरच्या नर्सकडे तू जाऊ शकत नाहीस, कारण ती तुझ्या बायकोची, वासितीची, चुलत बहीण आणि तिच्या कानावर जाईल. सुवाला येऊ शकत नाहीस, कारण मामांनी, तुझ्या बापानं, तुला चर्चच्या कामाला जुंपलंय आणि 'कशाला जातोस' हा प्रश्न ते सोडायचे नाहीत. म्हणून नाताळाच्या आधीपासून गोळी बंद. खोकला जात नाही, झोपेत अंग भिजतं, कंबरेचा सुलू घसरतो. हे सगळं तू मला लिहितोस. ज्याच्या अन्नात माती कालवलीस त्याच्याचकडे वाढ मागायला आलास.

तू विसरला असशील, मी आठवण करून देतो. आपल्या दोघांना दवाखान्यात एकाच सकाळी कळलं होतं. तू बाकावर बसून रडलास आणि मी तुझ्यासाठी गोड चहा आणला. गोळ्या आपण बरोबर सुरू केल्या, एकाच खोलीत, एकाच पेल्यातल्या पाण्यानं. तू थट्टा करायचास की तू मुलगी असतास तर जुन्या रीतीप्रमाणे मामांनी स्वतःहून आपलं लग्न लावलं असतं, मामाची पोर घरात. मी हसायचो. मला वाटायचं, आपलं तसंही झाल्यातच जमा आहे.

मग काही वर्षांपूर्वीची तुमच्या गावातली नववर्षाची जत्रा. धक्क्यामागं आपल्याला कुणीतरी पाहिलं, कुजबुज सुरू झाली, दोघांच्याही नावाची. आणि रविवारी भर चर्चमध्ये तू उठलास. पुढं गेलास, गुडघे टेकलेस आणि ढसाढसा रडत म्हणालास, 'माझ्या आतेभावाला, एमोरीला, तो रोग झालाय, तो वाट चुकलाय, त्याच्यासाठी प्रार्थना करा.' मी चौथ्या रांगेत आईशेजारी बसलो होतो. मामांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. बायका डोळे पुसत म्हणाल्या, किती मायाळू पोर. तुझ्यावरचा संशय तिथल्या तिथं फिटला. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. पण तू नुसतं वाकून पाहिलं नाहीस, सगळ्या गावाला बोलावून दाखवलंस.

पुढचं तू पाहिलं नाहीस, कारण तू तिथंच राहिलास, लग्न केलंस. बातमी माझ्याआधी सुवाला पोचली. आईबरोबर चटया विणणाऱ्या बायकांनी तिला दुसऱ्या टोकाला बसवलं. मी गोळ्यांची बाटली उघडायला गेलो की तुझा तो रडका आवाज कानात यायचा, म्हणून मी बाटली उघडणंच सोडलं. शेवटी मला उचलून दवाखान्यात नेलं. डाव्या डोळ्यापुढं आधी माश्या उडाल्यासारखं दिसायचं, मग पडदा पडला तो पडलाच. मी व्हॅन चालवायचो, आठवतं? एका डोळ्याच्या माणसाला ते काम कोण देतो? आता वालू बेला बोटींच्या शेडमध्ये खोक्यांवर मार्करनं नावं लिहितो. तुमच्या बेटावर जाणारं प्रत्येक खोकं माझ्या हाताखालून जातं. बिस्किटांचं, माशांच्या डब्यांचं, तुझ्या बापाच्या नव्या कोटाचंसुद्धा. तुझ्या गोळ्यांचं मात्र जाणार नाही.

डालो पाठवत जाऊ नकोस.

एमोरी


सुवा, २१ मार्च

केलेपी,

बोटीवरच्या माणसाकडून तुझं उत्तर मिळालं. 'झालं गेलं विसर, आपण एका घरातले.' इतकं गोड लिहायला कुठं शिकलास? मामांच्या प्रवचनांतून?

एक सांगतो, आणि खूश होऊ नकोस. मी दवाखान्यात गेलो होतो, माझ्या स्वतःच्या गोळ्यांसाठी. सिस्टर मेरेवाईंनी तुझं नाव काढलं. तू यायचा बंद झालायस ते त्यांच्या लक्षात आलंय. गोळ्या सुरू करताना प्रत्येकानं एक साथीदार नेमायचा असतो, तसं तू मला नेमलं होतंस, मी तुला. मी माझा साथीदार केव्हाच बदलला. तू बदलला नाहीस. म्हणजे तुझ्या गोळ्या न्यायला तुझ्याखेरीज फक्त मीच. अडला हरी म्हणतात ना, तसं झालंय तुझं. फरक एवढाच की पाय धरायला आलास तो गाढवाचे नाही, माझे.

सिस्टरना मी सांगितलं, तो मेला तरी चालेल. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, आधी बस. मग त्यांनी माझं वजन केलं, माझा कागद दाखवला. माझ्या रक्तात आता विषाणू सापडत नाही. सापडतच नाही. माझ्यापासून कुणालाही काही होऊ शकत नाही. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला पुन्हा विचारावं लागलं. मग म्हणाल्या, हाच कागद केलेपीचाही होता, गोळ्या घेत होता तोवर. आता नसणार. त्याच्या घरात बायको आहे, हे विसरू नकोस.

मी तुझ्या गोळ्या घेतल्या. फडताळात माझ्या बाटल्यांशेजारी ठेवल्यात. वाटल्यास उद्याच्या बोटीनं तुझ्यापर्यंत येतील. वाटल्यास येणार नाहीत.

माझी अट ऐक. तू इथं यायचं, माझ्या आईच्या घरी. रिकाम्या हातानं नाही, तांबुआ घेऊन, रीतीप्रमाणे. चटईवर बसून, तो देवमाशाचा दात दोन्ही हातांत धरून, आईसमोर आणि थोरल्या काकांसमोर तोंडानं बोलायचं. काय केलंस ते बोलायचं. 'चूक झाली' एवढ्यानं भागणार नाही. मला झालेल्या रोगाचं नाव तू चर्चमध्ये घेतलंस, तुझ्या रोगाचं नाव इथं घ्यायचं. चार माणसं असतील, चारशे नाहीत. मी तुझ्यापेक्षा स्वस्तात सोडतोय.

तोवर तुझ्या बाटल्या माझ्याकडं सुखरूप आहेत. मी रोज पुसतो.

एमोरी


सुवा, १६ एप्रिल

केलेपी,

तू माणूस आहेस की कोण?

मी शनिवारी शेडवरून घरी आलो तर अंगणात चपलाच चपला. आत तुमच्या गावची वडीलधारी माणसं सुलू-कोटात बसलेली, मध्ये प्यायच्या यांगोनाचं मोठं भांडं, आणि आमचे थोरले इनोके काका हातात तांबुआ धरून. केवढा तांबुआ! जुना, मधासारखा रंग चढलेला, दोरी नव्यानं वळलेली. मला वाटलं, आला. स्वतः आला नाही पण पाठवलं, कबूल केलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी. मीही दारातच गुडघ्यांवर बसलो.

मी उशिरा पोचलो होतो. बोलणं होऊन गेलं होतं, काकांनी तांबुआ स्वीकारला होता, टाळ्या वाजून गेल्या होत्या. मी शेजारी बसलेल्या माणसाला विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, काकांचं बोटीचं इंजिन केलेपीनं नेलं होतं ना, खडकावर आपटून बुडवलं, त्याची माफी.

इंजिन!

ते इंजिन बुडालं तेव्हा काका स्वतः हसले होते. गंजलेलं होतं, दर दोन लाटांना बंद पडायचं. त्या इंजिनासाठी तू तुमच्या घरातला सर्वांत जुना तांबुआ पाठवलास, चार म्हातारी माणसं बोटीत घातलीस, ती बिचारी उलट्या करत आली. मला तुझा डाव कळला. तांबुआ एकदा स्वीकारला की मागचं सगळं मातीखाली गेलं, त्यावर पुन्हा बोलायचं नाही, ही रीत तुला ठाऊक आहे आणि ती मला बांधते हेही ठाऊक आहे. बापाला सांगितलंस इंजिन, गावाला सांगितलंस इंजिन, आणि मनात म्हणालास, एमोरी समजून घेईल. करून सवरून नामानिराळा. तुला वाटलं, आता मी मुकाट्यानं बाटल्या खोक्यात भरेन.

माणसं जेवून निजायला गेल्यावर मी काकांच्या समोर बसलो आणि सांगितलं. सगळं. तुझं आणि माझं, दवाखाना, डोळा का गेला, चर्च. काकांना रोगाचं तुमच्या प्रार्थनेमुळं ठाऊक होतं, बाकीचं नाही. आजवर मी कधी हे घरात तोंडानं बोललो नव्हतो. मी त्यांना म्हटलं, तो तांबुआ परत करा.

काका भांड्यात उरलेली यांगोना ढवळत बसले. मला वाटलं आता मला घराबाहेर काढतील. मग म्हणाले, "तांबुआ परत जात नसतो. इंजिनाचं नाव घेतलं, इंजिनाचं मिटलं. दुसऱ्या कशाचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून दुसरं काही मिटलं नाही."

आणि उठता उठता त्यांनी विचारलं, "तू गोळी घेतोस ना रोज?"

मी हो म्हटलं. तेव्हापासून रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या की काका भिंतीपलीकडून घसा खाकरतात. नाव घेत नाहीत, उठून येत नाहीत, नुसतं खाकरतात. मी बाटली जोरात हलवतो, त्यांना ऐकू जावं म्हणून.

तेव्हा कान उघडे ठेवून ऐक. इंजिनाची माफी पोचली. माझी बाकी आहे. बाटल्या फडताळातच आहेत.

एमोरी


सुवा, ३ मे

केलेपी,

परवा शेडच्या फोनवर वासिती होती. टेकडीवर चढून, एका जागी उभी राहून बोलत होती. वारा इतका होता की निम्मं ऐकू आलं नाही. मला ती नीट ओळखतही नाही. लग्नात मी आलो नव्हतो, बोलावलं कोण होतं म्हणा. तिनं विचारलं, 'तुमच्या शेडमधून खोकल्याचं औषध पाठवता येईल का, जास्तीचं?' तू काही खात नाहीस, उठलास की भिंत धरतोस, तोंडात पांढरं झालंय म्हणाली. गावात बोलतात की कुणीतरी तुझ्यावर करणी केलीय. मामांनी उपास धरलाय. आणि मग ती म्हणाली, लाजत, की तिला दिवस गेलेत, आणि बाळानं बापाचं तोंड पाहावं एवढंच तिला हवंय.

मी तिला काय सांगणार होतो? 'खोकल्याचं औषध पाठवतो' म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं लिहितो. पहिल्यांदा मला आनंद झाला. भिंत धरतो, बरं झालं. मीही धरत होतो. मी चहा घेतला, खोक्यांवर नावं लिहिली, आणि तुझं मरण डोळ्यांपुढं आणून पाहिलं, मजेत. तुझी पेटी, तुमचं अंगण, पावसात भिजणारी माणसं. मग पुढचं दिसलं आणि मार्कर हातातच राहिला.

तू मेलास तर आम्हाला यावं लागेल. आई तुझी आत्या. आम्ही चटया घेऊन, कापड घेऊन, तेलाचे डबे घेऊन यायचं, आणि पुढं मी, आतेभाऊ, हातात तांबुआ धरून. माझ्या हातात! मी तो मामांपुढं ठेवायचा आणि म्हणायचं, आमचा लाडका गेला. बायका रडणार. मामा तुझं गुणगान करणार, कसा मायाळू, कसा भर चर्चमध्ये आतेभावासाठी रडला. मी ते मान खाली घालून ऐकायचं. आणि तुझ्याबरोबर सगळं मातीत जाणार, इंजिनासकट. तू साधुसंत होऊन गेलास आणि मी एका डोळ्यानं रडतोय. छे! हे मी होऊ देणार नाही. मेल्यावर सुटका फुकट मिळते, ती तुला मी देणार नाही. तुला जगायला लागेल.

म्हणून गुरुवारच्या बोटीनं मी स्वतः येतोय. बाटल्या माझ्या पिशवीत असतील. सिस्टर मेरेवाईंनी सांगितलंय की मध्ये इतका खंड पडल्यावर आणि असा खोकला असताना नुसत्या गोळ्या गिळून चालत नाही, छाती तपासायला हवी, रक्त तपासायला हवं. तेव्हा तू सुवाला येणार आहेस, आज ना उद्या, पाठीवर घालून आणावं लागलं तरी.

मला गावात पाय ठेवू देणार नाहीत असं मनात मांडे खात असशील तर विसर. मी तुमच्या गावाचा वासू आहे, गावच्या बहिणीचा मुलगा. मामाच्या गावात वासूनं डुक्कर सोडून नेलं तरी कुणी हात धरत नाही. प्रार्थना करून तुम्ही माझं नाव बुडवलंत, पण माझा हा हक्क काढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. मी तुमच्या घरात वरच्या बाजूला बसेन, मामांच्या उजवीकडं, आणि मामा मला वाढतील.

आता नीट वाच. मी तुझ्याविषयी एक अक्षर बोलणार नाही. तू जे केलंस ते मी करणार नाही, तेवढी तुझी बरोबरी मला नको. पण माझी गोळी सातला असते. ती मी कोपऱ्यात जाऊन घेणार नाही. सगळ्यांसमोर घेईन आणि कुणी विचारलं तर काय ते सांगेन. तू माझ्यासमोर बसलेला असशील. तेव्हा तुझं तोंड कसं होतं ते मला पाहायचंय.

वासितीला त्याआधी तू सांग. तिला आणि बाळाला वेळेवर तपासलं तर बाळाला यातून वाचवता येतं. हे सिस्टरनी मला तीनतीनदा सांगितलंय, मी तुला एकदा सांगतो. तिच्यावर माझा राग नाही. तिच्यासाठी तरी तोंड उघड.

एमोरी


सुवा, २९ मे

केलेपी,

तू त्या संध्याकाळी मान खाली घालून बसला होतास, म्हणून तुला काही दिसलं नाही. काय झालं ते मी सांगतो. तुला माहीत असायला हवं.

किनाऱ्यावर मी तुला पाहिलं तेव्हा ओळखलं नाही. मी एवढ्या शिव्या पाठ करून आलो होतो, बोटीत रात्रभर घोकल्या होत्या, त्यातली एकही आठवेना. मला त्याचा राग आला. ज्याच्यावर राग काढायचा तो निम्माच उरलेला असला की माणसानं काय करावं? मी तुझ्या बाटल्यांची पिशवी तुझ्या हातात दिली. तू म्हणालास, तिला सांगितलं नाही, जमलं नाही. मी म्हटलं, बरं.

मामांनी मला वर बसवलं. वासू म्हणून बसवावंच लागलं. जेवण मांडलं होतं, नारळाच्या दुधातला मासा, अळूची पानं, कसावा. मामा प्रार्थना लांबवत होते. रेडिओवर बातम्यांची धून वाजली आणि मी माझी बाटली काढून चटईवर ठेवली, तिच्यावरची चिठ्ठी मामांच्या बाजूला करून. मामांनी डोळे उघडले, विचारलं, डोकं दुखतंय का?

मी म्हटलं, "नाही मामा. ही एचआयव्हीची गोळी. तुम्ही सगळ्यांनी ज्याच्यासाठी प्रार्थना केलीत, त्याचीच. रोज एक घेतली की मी म्हातारा होणार, आणि माझ्यापासून कुणाला काही होत नाही."

तुझ्या आईनं बाहीचं टोक तोंडाशी नेलं. मी मामांकडं पाहत होतो, त्यासाठीच आलो होतो. पण मी पाहायला हवं होतं ते वासितीकडं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती बाटलीकडं बघत होती, मग तिनं मान वळवून खिडकीजवळच्या फळीकडं पाहिलं. तिथं तुझ्या मासेमारीच्या गळांची बाटली होती, तसलीच, निळ्या झाकणाची, चिठ्ठी खरवडून काढलेली. गळ ठेवायला दुसरं काही नव्हतं का रे? किती बाटल्या खरवडल्यास, आणि एक घरात ठेवलीस, कारण चांगली बाटली फेकायची नाही असं मामींनी तुला लहानपणी शिकवलं होतं.

मी तोंड उघडलं नाही, बाटलीनं उघडलं. मला त्या फळीचं ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी माझी बाटली पिशवीतच ठेवली असती का, हे मी स्वतःला विचारलंय. उत्तर चांगलं आलं नाही.

वासिती उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती पाण्याचे दोन पेले घेऊन आली. एक माझ्यापुढं ठेवला. दुसरा तुझ्यापुढं. पोटावर हात धरून तुझ्यासमोरच बसली. आणि सगळं घर त्या पेल्याकडं बघायला लागलं.

तू पाणी नुसतं पिऊन टाकू शकला असतास. मला खात्री होती की तू तेच करशील. तू पिशवी ओढलीस, झाकण उघडता उघडेना, शेवटी वासितीनंच उघडून दिलं. गोळी घशात अडकली, तू खोकलास, पुन्हा पाणी प्यायलास. मी माझी घेतली. दोघांनी एकाच वेळी घेतली, पूर्वीसारखी. मला ते तसं नको होतं.

आणि मामा! मामा डोळे मिटून बसले होते, हात जोडून, ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या बापाला प्रार्थनेला शब्द सापडले नाहीत. ते मी डोळा भरून पाहिलं. मग ते म्हणाले, "मासा गार होतोय, जेवा." आणि स्वतःच्या हातानं वाढलं, आधी मला, मग तुला. तुझ्या ताटात वाढताना त्यांचा हात तुझ्या खांद्यावर टेकला होता. माझ्या खांद्यावर तो त्या चर्चमध्ये टेकला असता तर माझा डोळा आज जागेवर असता. हे मी विसरणार नाही, मामांनाही सांगितलंय. निघताना किनाऱ्यावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

आता इथलं. तू छातीच्या वॉर्डात आहेस तिथं मी येत नाही, कारण मला यायचं नाही. सिस्टर मेरेवाईंकडून कळतं की टीबीचं औषध लागू पडतंय आणि तू पेज मागून घेतोस. हे पत्र वॉर्डातल्या मावशींच्या हाती पाठवतो.

वासिती आमच्याकडंच आहे. तिची पहिली तपासणी झाली, रक्तात काही नाही. पुन्हा करायची आहे, मध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. निकाल ऐकल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तुला ज्या ज्या शिव्या दिल्या त्या मी बोटीत घोकलेल्यांपेक्षा चांगल्या होत्या. आई तिच्यापाशी चटई घेऊन बसते. चटई विणणाऱ्या त्या बायकाही परत आल्यात, आईनं त्यांना दुसऱ्या टोकाला बसवलंय. परत बेटावर जायचं की नाही, तुझ्याबरोबर राहायचं की नाही, वासितीनं काही सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. त्यावर तुझ्या बाजूनं बोलणारा मी कोण?

माझ्याविषयी गैरसमज नको. मी तुला माफ केलेलं नाही. तुला धडधाकट बघायचंय ते मायेनं नाही. मला अजून तो चटईवर बसलेला, दोन्ही हातांत तांबुआ धरलेला, खरं नाव घेणारा केलेपी हवाय, आणि तो उभा राहील इतका जिवंत हवाय.

हे लिहीत असताना वासिती दारात आली. मी म्हटलं, त्याला लिहितोय, काही निरोप आहे का?

ती म्हणाली, "त्याला सांगा, दोन तांबुआ आणायचे. एक तुमच्यासाठी, एक माझ्यासाठी. आणि तोवर एकही गोळी चुकवायची नाही म्हणावं. मेलेल्या माणसाकडून मला काही घ्यायचं नाहीये."

एमोरी